अक्काचा रविवारचा फोन

बाबांना ऐकू कमी येऊ लागलं तेव्हा त्यांनी दोष दिला माझ्या खात्याला. मी दूरध्वनी खात्यात इंजिनिअर, त्यामुळे फोनची प्रत्येक खरखर माझ्याच नावावर जमा व्हायची. आमचं सरकारी क्वार्टर दिल्लीत, आर. के. पुरमला. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. दर रविवारी सकाळी कऱ्हाडहून बाबांच्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा फोन यायचा. तेवढा वेळ रिसीव्हरला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा घरचा कायदा. फोन ठेवून बाबा म्हणायचे, "आवाज येतो गं, शब्द येत नाहीत. लाइन सुधारा तुमची."

गंमत म्हणजे लाइन खरंच बिघडली होती. दिल्लीहून दक्षिणेकडे जाणाऱ्या फायबरवर, म्हणजे काचेच्या तारेवर, आम्ही नुकताच वेग वाढवला होता आणि चुकाच चुका यायला लागल्या होत्या. साहेब मीटर लावून म्हणायचे, "लाइट तो पूरी आ रही है, यार. थोड़ा पावर बढ़ा दो." ही आमची जुनी खोड. उजेड मोजायचा, आकडा बरा दिसला की चहा मागवायचा.

दुखणं उजेडाचं नव्हतंच. काचेतून बोलणं जातं ते लेझरच्या उजेडाचे ठिपके होऊन. असा एक ठिपका एका रंगाचा वाटतो, पण त्यात जवळजवळचे बरेच रंग असतात आणि काचेतून ते सारख्या वेगाने जात नाहीत. लग्नाला एकत्र निघालेलं वऱ्हाड लांबच्या वाटेवर पांगावं आणि मागून येणाऱ्यांत मिसळून जावं, तसे ठिपके एकमेकांत घुसतात. वेग कमी होता तेव्हा दोन ठिपक्यांत मोकळी जागा होती, ती आता उरली नव्हती. उपाय एकच, उलट स्वभावाच्या फायबरची गुंडाळी. तिच्यात पुढे पळालेले रंग मागे पडतात, रेंगाळलेले पुढे येतात आणि ठिपका पुन्हा गोळा होतो. ती गुंडाळी मागवण्यासाठी मी साहेबांशी कडाकडा भांडले. शेवटी ती बसली, चुका थांबल्या आणि बैठकीत श्रेय साहेबांनी घेतलं. घ्या म्हटलं.

घरी येऊन मी ऐटीत सांगितलं, "बाबा, आता ऐका आत्याला." रविवारी त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि म्हणाले, "तेच." लाइन स्वच्छ होती हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

कानाच्या डॉक्टरांनी बाबांना एका बंद खोलीत बसवून पिप् पिप् ऐकवलं. ते बाबांना ऐकू आलं. "इस उम्र में तो बहुत अच्छा है," म्हणत त्यांनी आवाज थोडा वाढवायला कानाला यंत्र लावून दिलं. आवाज मोठा झाला, शब्द तसेच. इथेही उजेडच मोजत होते! मी बाबांना दुसरीकडे नेलं. तिथे तपासण्यांवर तपासण्या झाल्या आणि कळलं की कान धड आहे, कानातून मेंदूकडे जाणारी नस निकामी होत चालली आहे. आवाज पोचतो, पण विस्कटून. मी उपाय विचारला तर डॉक्टर म्हणाले, याला उपाय नाही. शेकडो किलोमीटर काचेला इलाज आहे आणि बोटभर नसेला नाही, याचा मला आजही संताप येतो.

घरात मी पाटीवर लिहून बोलू लागले. फोनच्या बाबतीत मात्र बाबा माझं ऐकायला तयार नव्हते. "मी ऐकून लिहून देते," म्हटलं तर म्हणाले, "अक्काशी बोलायला मला दुभाष्या नको." आत्या बोलता बोलता थांबली की ते "हो, हो" म्हणायचे. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत ते ऐकत बसायची.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी फोन बराच लांबला. "हो, हो. बिल्कुल," बाबा खुशीत म्हणत होते. नंतर मी पाटीवर विचारलं, काय म्हणाली?

"नेहमीचंच. बरी आहे."

महिना व्हायच्या आत आत्याच्या सुनेचा फोन आला. आत्या गेली. सून रडत होती आणि रागावलीही होती. "पोटात गाठ आहे, एकदा भेटून जा, असं त्यांनी स्वतः सांगितलं होतं मामांना. मामा हो म्हणाले. रोज दाराकडे बघायच्या हो. भावाला आवडते म्हणून थालीपिठाची भाजणी करायला लावली माझ्याकडून. आलं का नाही कुणी?"

फोन ठेवून मी पाटीवर लिहिलं, आत्या गेली. बाबांनी वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. मग एकदम भडकले.

"इतकी आजारी होती तर मला बोलावलं का नाही तिनं? सख्खा भाऊ ना मी?"

खडू माझ्या हातात होता. लाइन स्वच्छ आहे, हे मी आजवर त्यांना किती वेळा ऐकवलं होतं. मी पाटी पुसली आणि लिहिलं, "बोलावलं होतं. आमची लाइन खराब होती."

"मी म्हणतच होतो," बाबा म्हणाले आणि रडायला लागले.