उलटा सलाम

समस्त वाचकांनी शक्य असल्यास उभे राहून ऐकावे, असे एक निवेदन करतो: साखरखेर्ड्याच्या आमच्या माळी आळीने जन्मात एकदाही सरळ सलाम केला नाही.

मशिदीचे मुल्लाजी दिसले की आमची माणसे ठणकावून म्हणत, "वालेकुम सलाम!" आता, हे उत्तर आहे. आधी "अस्सलाम वालेकुम" म्हणायचे असते. पण मुल्लाजी भर बाजारातून उत्तरेच देत चाललेले असत. आम्ही तेवढेच शिकलो.

मुल्लाजी पोट धरून हसत. माझ्या वडिलांना म्हणत, "भाऊ, सवाल पुसलाच नाही, अन् जवाब देऊन राह्यले!" मग समजावत, "तुमच्यावर शांती असो, असा मतलब आहे. कोणी शांती देल्ली त तेवढी तरी वापस कराच लागते. जास्त जमली त जास्त." वडील मान डोलावत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटेच.

मुंबईसह मराठी माणसांचे राज्य होऊन थोडीच वर्षे झाली होती. मुल्लाजींचा एकुलता एक मुलगा दूरच्या शहरात कामाला होता. तिथल्या दंगलीत तो मारला गेला. मय्यत गावात आलीच नाही. नुसती बातमी आली.

वडील भेटायला निघाले, सोबत मी, तेव्हा विशीतला. मशिदीच्या आवारात मुल्लाजी खाली बसलेले. त्यांचा पुतण्या आणि त्याचे दोस्त काठ्या घेऊन उभे. पुतण्या आडवा आला.

"काऊन आले? तुमच्याच लोकायनं मारलं त्याले."

मुल्लाजींकडे बघत वडील कसेबसे म्हणाले, "वालेकुम सलाम."

कोणी हसले नाही. मुल्लाजी काय बोलतात, यावर आमचे घरी परतणे होते. मग ते उठले आणि पूर्ण, लांबलचक उत्तर दिले, रहमत आणि बरकत जोडून.

"चाचा!" पुतण्या ओरडला.

"एका बेगुनाहाले मारलं त समद्या माणूसजातीले मारलं, हे तुले म्याच शिकवलं ना?" आम्हालाही कळावे म्हणून ते मुद्दाम वऱ्हाडीत बोलत होते. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "मंग हे पोरगं काय माणसात येत नाही? टाक काठी."

पुतण्याने काठी टाकली आणि भिंतीकडे तोंड करून रडू लागला. वडिलांनी मुल्लाजींचा हात धरला. खाली पडलेल्या काठीवरून मुल्लाजींची नजर हलेना. आणि सगळ्यांच्या देखत ते एकदम बोलून गेले:

"भाऊ, मले बी मारावं वाटून राह्यलं हो!"