हात लावणारा मुलूख

"डोळा उघड की गं. दवा काय जमिनीला पाजू?"

वैद्यबुवा ओट्यावर उभे. खाली अंगणात माझी धाकटी बहीण धुरपदी, तोंड आभाळाकडे करून. आम्ही महार. ओट्याला शिवायचे नाही. तिच्या पापण्या मी बोटांनी फाकवून धरलेल्या. बुवा वरूनच पळीतून औषध सोडायचे. थेंब कधी गालावर, कधी कपाळावर. क्वचित डोळ्यात. ती दचकली की ओट्यावर बसलेले हसायचे. "नेम चुकला, बुवा!"

रोज हेच. उजव्या डोळ्यात पांढरे फूल पडले. डावाही लाल झाला. तालुक्याच्या दवाखान्यात नेले, तर शिपायाने जात विचारून झाडाखाली बसवले. तिथेच दिवस मावळला.

मग मामा आला. तो मनमाडला, इंग्रजी मुलखात, रेल्वेत हमाल. म्हणाला, "माझ्यासंगं चला. तिकडं मिशनच्या दवाखान्यात डाक्टरीणबाई हाय."

बा घाबरला. आमच्या घरातले कुणी कधी मोगलाईबाहेर, निजामाच्या राज्याबाहेर, गेले नव्हते. "तिकडची दवा लय चांगली हाय का?"

"दवाचं मला काय ठावं, दाजी? बाई हात लावून बघती."

बा उठला. मग आईला म्हणाला, "भाकरी बांध."

तेवढ्यावर आम्ही मुलूख ओलांडला.

डॉक्टरीणबाईंनी धुरपदीचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. ती किंचाळून मागे सरली. "शिवू नगा बाई! आमी म्हारं हाव!"

एवढीशी पोर. ते किंचाळणे अजून माझ्या झोपेत येते.

बाईंनी पुन्हा हात पुढे केले. डावा डोळा वाचला. उजवा गेला.

गावी परतलो, तर बुवांचा निरोप. "माझ्या दवेला गुण आला. सूपभर ज्वारी आणून टाका." बरे झाल्यावर वैद्याला धान्य द्यायची रीत होती. बाने मुकाट्याने सूप भरले. मी दारात आडवी उभी राहिले.

"न्हाई द्यायची."

"पोरी, गावात ऱ्हायचंय आपल्याला."

"मग मला तुडवून जा."

बाने सूप खाली ठेवले.

पुढे मी शिकले, पदवी घेतली. ज्यांनी शिकवले त्यांचे उपकार मी विसरत नाही. पण धुरपदीचा डोळा रोगाने गेला, असे लोक आजही म्हणतात. मी म्हणू देत नाही. तो गेला नाही. घालवला. घालवणाऱ्यांची नातवंडे समोर ऐकायला बसली असली, तरी मी हेच म्हणेन.