कात्री काढून घेण्याइतका पुरावा

डॉ. मंदाकिनी औंढेकर यांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या लातूरच्या दवाखान्यात झाली. औशाचे शिंपी युसूफमास्तर हे माझे जुने स्नेही. त्यांच्या सोबतीला मी गेलो होतो. बाई तेव्हा नांदेडच्या अध्यापनातून निवृत्त झाल्या होत्या. मधुमेहामुळे मेंदूतील स्मृतीशी निगडित रिसेप्टरांवर काय परिणाम होतो, हा त्यांच्या संशोधनाचा विषय.

तक्रार मास्तरांच्या मुलाची, अस्लमची होती. “मॅडम, अब्बा लई विसरून राहिले. माप चुकून दोन शेरवान्यांचं कापड वाया गेलं. आता कात्री मीच काढून घेतली.”

मास्तर मान खाली घालून बसले होते. जन्मभर चाललेल्या हातांना काम उरले नव्हते.

बाईंनी खुर्ची मास्तरांकडे वळवली आणि पुढचे सारे त्या त्यांच्याशीच बोलल्या. मेंदूतल्या पेशींवर संदेश टिपणाऱ्या जागा असतात, तेच रिसेप्टर. त्यांच्यामुळे दोन पेशींमधला सांधा बळकट होतो आणि आठवण टिकते. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, तर या जागांचा प्रतिसाद बिघडू शकतो. “प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये मी हे पाहिलंय, मास्तर.”

“म्हंजे आमचे अब्बा उंदीर हायत का?” अस्लम उसळला.

“कापड कुरतडलं ना बेटा, मग उंदीरच!” मास्तर म्हणाले, आणि स्वतःच हसले.

मी तर्कशास्त्राचा अध्यापक. उंदरावरून माणसाविषयीचे अनुमान कितपत ग्राह्य, असे मी विचारलेच.

“पूर्ण ग्राह्य नाही, सर,” बाई म्हणाल्या. “म्हणून गेलेली स्मृती परत येईल असं मी सांगत नाही. पण ती जाणारच असं धरून आज कात्री काढून घ्यायची, त्यालाही पुरावा नाही.”

काटेकोरपणा रुग्णाच्या बाजूने उभा राहिलेला मी क्वचितच पाहिला आहे.

मग त्यांनी विचारले, दोन्ही चुका केव्हा झाल्या? दोन्ही दुपारच्या जेवणाआधी. मास्तर मधुमेहाची गोळी वेळेवर घेत. कटिंग संपेपर्यंत जेवत मात्र नसत. त्या वेळी साखर फार उतरून मास्तरांचे भान चुकत असावे, अशी शंका बाईंनी बोलून दाखवली, तपासणी करून ती पडताळली आणि औषधाची व जेवणाची वेळ बदलून दिली. शिवाय अस्लमने माप मोठ्याने वाचायचे, मास्तरांनी खडूने आखायचे, मगच कापायचे. महिनाभर कात्री मास्तरांकडे. अस्लमने कुरकुरत का होईना, मान्य केले.

महिन्यानंतर कळले, की कापड पुन्हा वाया गेले नव्हते. गिऱ्हाइकांची नावे मात्र मास्तर विसरतच होते. मी अभिनंदन करू लागलो, तर “एका माणसावरून सिद्धान्त होत नाही,” असे म्हणून बाईंनी दोन्ही गोष्टी केसपेपरवर सारख्याच ठळक अक्षरांत लिहिल्या. अस्लमने मात्र कात्री परत मागितली नाही. मास्तर आजही कापतात.

बाई पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांना निरोगी दीर्घायुष्य लाभावे आणि त्यांची स्मृती अखेरपर्यंत शाबूत राहावी. या इच्छेच्या समर्थनार्थ माझ्यापाशी कोणतेही प्रमाण नाही, आणि ते शोधण्याची गरजही मला वाटत नाही.