बिनफोडणीचं ताट

पुण्याच्या डॉक्टरांनी मला आकडा दिला होता पंच्याऐंशी. माझं वजन होतं त्र्याण्णव. मधले आठ किलो उतरले तरच माझी एक किडनी माझ्या धाकट्या भावाला बसवता येणार होती. आईचं वय आणि ब्लडप्रेशर, दोन्ही नको तिथे होतं. दुसरं कुणी जुळत नव्हतं. जुळत होतो तो मी, पण जाडा.

डॉक्टरीणबाई शांतपणे बोलल्या. "या वजनावर तुमची शुगर सीमारेषेवर आहे. एक किडनी काढून तुम्हाला पुढे त्रास झाला तर एकाचे दोन पेशंट होतील. वजन उतरवा, मग तारीख देते."

धाकटा शेजारी बसला होता. तो दौंडला रेल्वेत आहे, रेल्वे कॉलनीत राहतो. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्याच्या हातातली जोडलेली नस दोनदा बंद पडल्यामुळे आता गळ्याजवळ नळी घातली होती, आणि ती नळी फार काळ ठेवता येत नाही हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "दादा, तुझी किडनी मला बसली की मीपण हिशेबी होईन का रे? म्हणजे बायको खूश होईल."

मी हसलो नाही. त्याच्या गळ्याच्या पट्टीकडे बघत होतो.

शिरूरला माझं पाइपचं आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. दुकानामागेच घर. इंच, मीटर, किलो यांवर माझं पोट चालतं, त्यामुळे आठ किलो हे मला अवघड वाटलं नाही. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण बायको मोजून द्यायला लागली. अडचण होती दुपारची. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, सकाळीच बाहेर पडते. दुपारी मला वाढते आई. आणि आईच्या हातचं जेवण मोजता येत नाही. अर्धी भाकरी म्हटलं की ती एक भाकरी मधोमध मोडते आणि दोन्ही अर्धुकं ताटात ठेवते.

आहारतज्ज्ञ बाईंनी उपाय सांगितला, गोठवलेले डबे. पुण्याच्या एका दुकानात मिळायचे. चपटा प्लास्टिकचा ट्रे, वर चिकटवलेली झिल्ली, खोक्यावर इंग्रजीत छापलेलं सगळं. ब्राउन राइस आणि राजमा, २९० कॅलरी. मिलेट खिचडी, २७०. पालक आणि पनीर, ३००. मला ते पाहताक्षणी आवडले. जेवणावर आकडा लिहिलेला होता, आणि तो कुणाच्या मायेवर अवलंबून नव्हता.

थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून मी ते एस.टी.ने शिरूरला आणायचो. आमच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात चारच मावायचे, शिवाय गुरुवारी लाइट जाते. म्हणून उरलेले शेजारच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवले. तो रोज ओरडायचा, "काका, तुमचं औषध कुल्फीच्या खाली हाय बघा. उचलताना कुल्फीकडं बघू नका."

घरात मायक्रोवेव्ह नव्हता. आई ट्रे इडलीच्या भांड्यात वाफेवर ठेवायची, झिल्ली काढून सगळं स्टीलच्या ताटात उलटायची आणि माझ्यापुढे ठेवायची. पहिल्या दिवशी तिने ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हे येवढंच?"

"एवढंच."

"आरं, मांजर तरी पोटभर खाईल."

"मांजराला कुणाला किडनी द्यायची नसते, आई."

तिने ताट माझ्याकडे सरकवलं. मी जेवलो. राजमा उकडलेल्या पुठ्ठ्यासारखा लागला. भाताला वास नव्हता. पण मी ते शेवटच्या शितापर्यंत खाल्लं आणि दुकानात गेलो. दुपारी चारला पोटात खड्डा पडायचा. गिऱ्हाइकाला पाऊण इंचाऐवजी एक इंचाची नळी कापून दिली, असंही एकदा झालं. माझ्या हातून असं कधी होत नाही.

वजन उतरायला लागलं. त्र्याण्णवचं एक्याण्णव, मग नव्वद, मग एकोणनव्वद. धाकट्याला फोनवर आकडा सांगायचो. तो म्हणायचा, "चाल सोडू नको, दादा. मी सिग्नलला उभा हाय."

मग एकोणनव्वदवर काटा अडला.

पहिला आठवडा मी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या आठवड्यात रात्रीची पोळी बंद केली. तिसऱ्या आठवड्यात सकाळचं फिरणं दुप्पट केलं, घोड नदीच्या पुलापर्यंत आणि परत. काटा तिथेच. एकदा तर अर्धा किलो वर. मला काट्याचाच संशय आला. युरियाची नवी गोणी पंचेचाळीस किलोची असते. ओळखीच्या दुकानातून एक आणली आणि काट्यावर ठेवली. पंचेचाळीस आणि वर बारदानाचं थोडं. काटा बरोबर होता. म्हणजे चूक माझ्यात होती.

बायकोने विचारलं, "अहो, खरं सांगा, दुकानात चहाबरोबर काही खाता का?"

"नाही."

"बिस्किट?"

"नाही म्हटलं ना."

तिने विश्वास ठेवला, पण विचारलं हे मला लागलं. आपण मोजतोय ते खरं आणि काटा दाखवतोय तेही खरं, मग मधलं गेलं कुठे, हा विचार मला गिऱ्हाइकाशी बोलतानाही सोडेना.

त्यात दौंडहून फोन आला. नळीत जंतू झाले होते, धाकट्याला थंडी वाजून ताप आला होता. मी गेलो तेव्हा तो कॉलनीतल्या घरात दोन रजया घेऊन पडला होता. बाहेर इंजिनांचा आवाज चालू होता. त्याने डोळे उघडून विचारलं, "किती?"

मी म्हणालो, "अठ्ठ्याऐंशी." खोटं सांगितलं. आयुष्यात आकडा खोटा सांगितल्याचं मला दुसरं आठवत नाही.

तो म्हणाला, "डॉक्टर म्हनले, आता थांबायला जागा न्हाई."

थंडी वाढत गेली. ताप उतरला, डायलिसिस पुन्हा सुरू झालं, आणि मी तरीही एकोणनव्वदच. एवढी एकच गोष्ट मात्र बरी झाली होती. डबे आता गोड लागत होते. मिलेटच्या खिचडीला चव आली होती, राजमा घशाखाली सहज उतरत होता. मला वाटलं जिभेला सवय झाली.

एके दिवशी भांडी घासणारी बाई आली नाही. बायकोची शाळेत मीटिंग होती. संध्याकाळी दुकानातून येऊन मी स्वतःच भांडी घासायला उभा राहिलो. दुपारचं माझं ताट सगळ्यात वर होतं. त्याच्या काठाला आतून पांढरी कड धरली होती. मी नखाने खरवडली. ती मेणासारखी निघाली आणि बोटाच्या उबेने वितळली. मी वास घेतला. तूप. आणि त्यात अडकलेलं एक जिरं.

खोक्यावर लिहिलं होतं, स्निग्ध पदार्थ चार ग्रॅम. चार ग्रॅमची अशी कड बसत नाही. मी नळ बंद केला. दोन पळ्या तूप धरलं तर अडीचशे कॅलरी. २९० चा डबा जवळजवळ दुप्पट होत होता. आणि मी नदीपर्यंत चालत होतो.

आई मधल्या खोलीत लसूण सोलत बसली होती. मी ताट तिच्यापुढे धरलं.

"आई, हे काय आहे?"

"ताट."

"ताटाला काय लागलंय?"

"तूप हाय. मामाकडचं, कवठे गावचं. दुसरं काय आसनार?"

"रोज घालतेस?"

"फोडनी दिती वरनं. मग काय कोरडं वाढू?"

ती इतक्या साधेपणाने बोलली की माझा तोल गेला. "तुला कळतंय का तू काय करतेस? तिकडे तो नळी लावून पडलाय. तुला धाकट्याला मारायचंय का?"

शब्द तोंडातून निघून गेले होते. आईच्या हातातली पाकळी तशीच राहिली. ती माझ्याकडे बघेना. बोलली तेव्हा आवाज खाली होता.

"त्या डब्याला फोडनी न्हाई. नुसतं उकडलेलं, पांढरं. आसलं बिनफोडनीचं ताट मी ह्या घरात एकदाच वाढलंय. तुजं आप्पा गेलं तवा, सुतकात. आन् आता ज्याला कापायला न्यायचा, त्याच्याच म्होरं रोज सुतकाचं ताट ठिवू? माज्या हातानं?"

मला आठवलं. आप्पांच्या वेळी दहा दिवस घरात मोहरी तडतडली नव्हती. मी तेव्हा वरण खाताना ते पाण्यासारखं लागतंय एवढंच लक्षात घेतलं होतं. का, ते विचारलं नव्हतं.

मी खाली बसलो. पण मला तेवढ्याने पुरेसं वाटलं नाही. मी पुन्हा विचारलं, हळू, पण विचारलंच. "तेवढंच का? माझं वजन उतरू नये, असं नव्हतं ना मनात?"

तिने लसणाच्या साली मुठीत गोळा केल्या.

"तूप घालताना मनात काय व्हतं," ती म्हणाली, "त्ये मला इचारू नगं."

मी विचारलं नाही. एवढंच म्हणालो, "उद्यापासून मी दुकानातच खाईन." रात्री ती जेवली नाही. बायकोने दोनदा बोलावलं. आम्ही तिघंही आपापल्या अंथरुणात जागे होतो, हे एकमेकांच्या खोकल्यावरून कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात छोटी शेगडी ठेवली. एक वाजता ट्रे गरम करायला काढला, तेव्हा मागच्या दारातून आई आली. ती दुकानात येत नाही. गिऱ्हाइकं असतात म्हणून डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती काउंटरच्या आतल्या बाजूला उभी राहिली. हातात लोखंडी पळी होती.

"मोहरीत किती आकडा आसतो?"

"काय?"

"त्यो तुजा आकडा. मोहरीत किती? तेल न्हाई, तूप न्हाई. नुसती चिमूटभर मोहरी, जिरं आन् कडीपत्ता."

मी विचार केला. "नसल्यासारखाच."

"मग आन त्यो डबा घरात."

तिने रिकामी पळी गॅसवर लाल होईस्तोवर तापवली. मोहरी टाकली. तेलाशिवाय मोहरी सैरावैरा उडते. दोन दाणे माझ्या शर्टावर आले, एक तिच्या कपाळाला लागला. जिरं काळं झालं, कडीपत्ता कुरकुरला, धुराने दोघांनाही ठसका लागला. तिने ती पळी ताटावर उपडी केली. चर्र असा आवाज झाला नाही, नुसतंच खाली पडलं. पण घरात फोडणीचा वास भरला.

"खा आता," ती म्हणाली.

करपलेल्या मोहरीची कडवट चव मला अजून आठवते. त्यानंतर रोज तीच. अठ्ठ्याऐंशी झालं, तेव्हा मी धाकट्याला फोन करून सांगितलं, आणि तो म्हणाला, "आरं, ते तर मागंच झालं व्हतं ना?" मी म्हणालो, "आता खरं झालं." त्यावर तो म्हणाला, "बरं. खरंच चालंल मला."

पुढच्या तपासणीला आईसुद्धा हट्टाने पुण्याला आली. काट्यावर चढण्याआधी मी किल्ल्या काढल्या, पट्टा काढला, स्वेटर काढला. सिस्टर म्हणाल्या, "काका, चष्मा राहू द्या, नाहीतर आकडा दिसायचा नाही." चौऱ्याऐंशी पूर्णांक सहा. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचे रिपोर्ट पाहिले, मान हलवली आणि तारीख दिली.

बाहेर धाकटा आणि आई बसले होते. मी आकडा सांगितला. धाकट्याने माझा हात धरला आणि सोडलाच नाही. मला वाटलं आईचा चेहरा उजळेल. तिने विचारलं, "म्हंजी दोघंबी एकाच दिशी?"

"एकाच दिवशी. तेच करावं लागतं."

"एकाच खोलीत?"

"शेजारशेजारच्या."

ती आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. "मग मी कुनाच्या दाराशी बसू?"

मी उठलो आणि सिस्टरना विचारून वरच्या मजल्यावर जाऊन बघून आलो. दोन्ही दारं एकाच लांबट व्हरांड्यात होती आणि मध्ये भिंतीला लागून लोखंडी बाक होता. मी परत येऊन तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "बरं."

ऑपरेशनच्या दिवसाचं मला बायकोने सांगितलेलं आहे. आई सकाळपासून त्या बाकाच्या बरोबर मधोमध बसली होती. पाणी नको, चहा नको. कुणी सरकायला सांगितलं तर सरकत नव्हती. दुपारी माझं दार उघडलं आणि मला बाहेर काढलं. बायको धावली. आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मी श्वास घेतोय एवढं बघितलं, पण ती बाकावरून उठली नाही. दुसरं दार उघडायला अजून बराच वेळ होता. ते उघडलं, डॉक्टर बाहेर आले, नवीन किडनीने काम सुरू केलंय असं म्हणाले, तेव्हा ती उठली, आणि इतका वेळ आखडलेल्या पायांनी तिला उभं राहू दिलं नाही म्हणून पुन्हा खाली बसली.