कामचलाऊ

गल्लीत तिला सगळे नकाशेबाई म्हणत. लोकांच्या घरांचे नकाशे ती घरी बसून कॉम्प्युटरवर काढायची. कुणाला मजला चढवायचा असो, कुणाला जिन्याचं तोंड फिरवायचं असो, इंजिनिअर मंडळी कच्ची मापं धाडत आणि ही त्यातून भिंतीन्‌भिंत उभी करी. काम असं चोख, की गवंडीसुद्धा म्हणत, "बाईंनी काढलाय ना, मग टेप लावून बघायला नको."

हे सगळं तिला शिकवलं दादाने. दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. लहानपणी हात धरून पाटीवर अक्षरं त्यानेच गिरवून घेतली आणि पुढे नोकरी सुटून ती घरी बसली तेव्हा माउसही त्यानेच हातात दिला. बाजारात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तिचा कॉम्प्युटर त्याने एकेक भाग निवडून जोडून दिला होता. "तुझं काम जड आहे, तुला लेचापेचा माल चालायचा नाही," असं म्हणून.

एकदा तो आपणहून आला आणि धूळ साफ करायला म्हणून कॉम्प्युटर दोन दिवस दुकानात घेऊन गेला. परत आणला तेव्हा बाजूच्या पत्र्यावर दुकानाचं सील चिकटवलेलं होतं.

"हे काढू नकोस हं," दादा म्हणाला. "आत हात घालशील आणि एकाचं दोन करून ठेवशील."

तीनेक आठवड्यांनी कॉम्प्युटरचं दुखणं सुरू झालं. काम ऐन रंगात आलेलं असावं आणि पडदा काळा व्हावा. पंखा क्षणभर गप्प, मग पुन्हा घरघर, आणि कॉम्प्युटर पहिल्यापासून सुरू. काही निरोप नाही, काही सूचना नाही. कधी दिवसातून तीनदा, तर कधी चार दिवस शहाण्यासारखा चाले.

तिने दादाला फोन केला. "वायरिंग जुनं आहे तुमचं," तो म्हणाला. "मिक्सर, इस्त्री एकदम चालू असतं, मग वीज कमी पडते."

तिने त्या खोलीपुरतं वायरिंग नवं करून घेतलं. सासूबाईंना सांगितलं, मी कामाला बसले की मिक्सर लावायचा नाही. म्हातारी बिचारी दारात येऊन विचारायची, "आता लावू का गं?" एकदा न विचारता लावला आणि नेमका तेव्हाच पडदा गेला. नकाशेबाई अशी कडाडली, की सासूबाई दिवसभर कुणाशी बोलल्या नाहीत.

दुखणं काही हटेना. मग दादा म्हणाला, धूळ. मग म्हणाला, उन्हाळा आहे, तापत असेल. शेवटी म्हणाला, "तूच एका वेळी दहा फाइली उघडतेस. जरा सबुरीने घे. वय झालं आता तुझंही." ती हसली, पण ते तिच्या मनात घर करून राहिलं. आपलंच काहीतरी चुकतंय, आपलाच हात आता पूर्वीचा राहिला नाही, असं तिला खरोखर वाटू लागलं. त्यातच एका शाळेच्या इमारतीचा नकाशा द्यायच्या आदल्या दिवशी कॉम्प्युटर अर्ध्यात बंद पडला आणि फाइलच उघडेना. ज्या इंजिनिअरने अकरा वर्षं दुसरीकडे काम दिलं नव्हतं, त्याने ते काम दुसऱ्याला दिलं आणि पुन्हा फोन केला नाही.

त्यानंतर मात्र तिने रडणं आवरलं आणि वही काढली. किती वाजता बंद पडला, तेव्हा काय चालू होतं, घरात मिक्सर होता की नव्हता, सगळं मापं टिपावीत तसं टिपलं. आतलं तापमान दाखवणारा प्रोग्राम लावला. तापमान ठीक होतं. मेमरीची तपासणी एका रविवारी सकाळपासून चालू ठेवली. तीही स्वच्छ. शेजारणीच्या घरी कॉम्प्युटर नेऊन लावला, तर तिथेही पडला. म्हणजे दोष वायरिंगचा नव्हता. आणि महिन्याभराच्या नोंदींवर बोट फिरवताना तिला दिसलं, की पत्र लिहिताना तो एकदाही पडला नव्हता. घराचं उभं चित्र तयार करायला घेतलं, कॉम्प्युटरवर ताण आला, की पडायचा.

तिने फोन लावला. "दादा, पॉवर सप्लाय तर गेला नसेल?" पॉवर सप्लाय म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला पचेल अशी करून देणारा लोखंडी डबा.

"छे!" दादा तिचं वाक्य संपायच्या आत म्हणाला. "तो मी स्वतः निवडलाय. त्याच्या वाटेला जाऊ नकोस."

दादा कधी असा घाईने बोलायचा नाही. तिने फोन ठेवला, वायर काढली आणि सील फाडलं.

खरेदीच्या बिलावर साडेपाचशे वॉटचा सप्लाय होता. आत बसवलेल्या डब्यावर तीनशे छापलेलं होतं. डबा जुना, कडांना गंजलेला. त्याच्यावर कागदी पट्टी होती आणि पट्टीवर निळ्या शाईत लिहिलेलं होतं, "दातांचा दवाखाना, काढलेला. कामचलाऊ." तो पाय मोडलेला 'क' तिने पाटीवर शंभरदा गिरवला होता.

दुपारी ती दुकानात गेली आणि डबा काउंटरवर ठेवला. "दादा, हे अक्षर कुणाचं?"

दादाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "दोन दिवसांसाठीच लावला होता गं. दवाखान्यात पेशंट खोळंबलेले, बाजारात चांगला सप्लाय मिळेना. म्हटलं, तुझा काढून तिकडे बसवू, तुझा आहे म्हणजे घरचाच आहे. माल आला की बदलून टाकू."

"मग?"

"विसरलो. तू फोन केलास तेव्हा आठवलं, पण तोंडातून वायरिंग निघून गेलं. एकदा वायरिंग म्हटल्यावर मग..."

"मग धूळ म्हटलंस. मग उन्हाळा म्हटलंस. मग माझं वय काढलंस."

दादा जरा चिडूनच म्हणाला, "बहिणीच्या वस्तूवर भावाचा एवढाही हक्क नाही?"

"डबा नेलास त्याचं काही नाही रे," ती म्हणाली. "वेडी मी ठरत होते आणि तू बघत होतास. आठ महिने."

त्याने फळीवरून नवा कोरा सप्लाय काढून पुढे केला. तिने तो घेतला नाही. दोन दुकानं सोडून तिसऱ्या दुकानातून दुसरा आणला आणि घरी येऊन स्वतः बसवला. कुठली वायर कुठे होती ते आधी कागदावर काढून ठेवलं होतं, त्यामुळे कुठे अडलं नाही. पहिल्याच दिवशी तिने सगळ्यात जड चित्र करायला लावलं आणि समोर बसून राहिली. कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही.

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात गेली. "आई, मिक्सरचा काही दोष नव्हता. माझं चुकलं." सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, तिचे डोळे पाहिले आणि कारण विचारलं नाही.

काम हळूहळू परत आलं, जुना इंजिनिअर मात्र आला नाही. दादाचा फोन अधूनमधून येतो. तो तब्येत विचारतो, ती भाच्यांची चौकशी करते. पूर्वी दोघं तासतासभर बोलायची, मध्येच बालपणात शिरायची, हसून हसून दम लागायचा. आता मिनिटभरात विषय संपतात. "बरंय मग," दादा म्हणतो आणि तो फोन ठेवण्याची वाट बघत ती उभी राहते.