न्हाणीसाठी निवडलेली फरशी

तुमच्या बाथरूमच्या फरशीचे तिन्ही फोटो पाहिले. कुठला रंग घेऊ, असं विचारलंत म्हणून लिहिते. रंगाचं मला सांगता येणार नाही. फोटोतली फरशी कोरडी आहे, आणि कोरडी असताना सगळीच फरशी चांगली असते.

मी आयुष्यात एकदाच फरशी निवडली. एकोणीसशे साठ-सत्तरच्या सुमाराला आम्ही धुळ्यात घर बांधत होतो. त्याआधी भाड्याच्या घरात राहायचो, तिथली न्हाणी गुळगुळीत कोब्याची होती. तुमचे बाबा पोटात असताना, सातव्या महिन्यात, भरलेली बादली उचलताना माझा पाय घसरला. भिंतीतला नळ हाताला लागला म्हणून वाचले. पुढे काही झालं नाही, पण त्या दिवसापासून मी न्हाणीत भिंतीला धरून चालू लागले. पुरुषमंडळी दोन तांबे अंगावर घेऊन बाहेर यायची. मी तिथे उकिडवी बसून घरभराचे कपडे धुवायचे, पुढे तुमच्या बाबांना पायांवर घेऊन न्हाऊ घालायचे, आणि मग शाळेत इंग्रजी शिकवायला जायचे.

नव्या घराची दारं, खिडक्या, ओटा, कशातच मला कोणी विचारलं नव्हतं. एकदा जेवताना तुमचे आजोबा म्हणाले, "न्हाणीची फरशी तू निवड. माहेरी जाशील तेव्हा जळगावला बघून ये." ते एवढंच बोलले. मी मात्र ते धरून ठेवलं.

जळगावला माझे वडील, नाना, माझ्याबरोबर आले. स्टेशनाजवळ फरशीची वखार होती, मालक मारवाडी. मी विचारत होते आणि ते उत्तरं नानांना देत होते. मी एक लोटा पाणी मागितलं. त्यांना वाटलं तहान लागली, त्यांनी स्वच्छ पेला दिला. मी ते पाणी फरशीवर ओतलं, घरून कागदात बांधून आणलेला साबणाचा तुकडा वर घासला, चपला काढल्या आणि त्यावर उभी राहिले.

"चप्पल घाल," नाना हळूच म्हणाले. "लोक बघताहेत."

"बघू द्या."

मालक हसले. "नाना, लोक फरशी डोळ्यांनी बघतात. तुमची मुलगी पायांनी बघते. पाणी अजून आणवू का, बाई?"

"आणवा," मी म्हटलं.

पॉलिशची तर पाहिल्याबरोबर बाद केली. काहींवर टाच सरकत होती. शेवटी टाकीचे घाव दिलेली, जराशी खरबरीत शहाबादी पायाला धरून राहिली. वर बसून पाहिलं, उठून पाहिलं. मग एकाच निळसर करड्या रंगाच्या फरश्या एकेक करून वेगळ्या काढायला लावल्या. मला कुठलंही काम नीटनेटकं लागतं. तिथेच माझं चुकलं असावं, कारण तो ढीग दिसायला फारच सुंदर झाला.

माल ट्रकने धुळ्याला आला. ओसरीसाठी माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, गुळगुळीत पॉलिशची फरशी आधीच आणून ठेवली होती. ओसरी अरुंद होती आणि न्हाणी कपडे धुण्याच्या जागेसकट ऐसपैस, त्यामुळे दोन्ही मापं जवळपास सारखीच. पण आबांच्या फरशीत पिवळट, मातकट, हिरवट, सगळे रंग मिसळलेले. दोन्ही ढीग अंगणात शेजारी शेजारी लागले.

गवंडी आला त्या दिवशी शाळेत परीक्षा होती. संध्याकाळी परतले तर गवंडी ओसरीत माझी निळसर फरशी बसवत होता. निम्मी ओसरी झाली होती.

"ही न्हाणीची आहे," मी म्हटलं.

सासूबाई उंबऱ्यावर बसून बघत होत्या. "इतली चांगली फरशी मोरीमा? तठे कोन देखस?"

आबा म्हणाले, "ओसरीमा बठ्ठा लोक येतस." चांगली फरशी सगळ्या आल्यागेल्याला दिसायला हवी होती.

मी तुमच्या आजोबांकडे पाहिलं. "तुम्ही मला निवडायला सांगितली होती."

"मग तुझीच तर बसवतोय," ते म्हणाले. "इथे काय, तिथे काय. आता बसलेली उखडायची का?"

फरशीखालचा सिमेंटचा माल अजून ओला होता. हाताने उचलता आली असती. गवंडी थापी धरून थांबलाही होता. मग तो पुन्हा कामाला लागला. दुसऱ्या दिवशी आबांची गुळगुळीत फरशी न्हाणीत बसली.

वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकाला आबा कौतुकाने सांगत होते, "ही आमच्या सूनबाईची निवड. बी.ए. आहे." मी चहाचे पेले फिरवत होते.

खरबरीत फरशी ओसरीत चालत नाही. केरसुणीला धूळ निघेना, फडकं अडकायचं. "कशी फरशी आणी तुनी?" सासूबाई रोज म्हणायच्या. वर्षभरात आबांनी माणूस लावून ती घासून गुळगुळीत करून घेतली. तीन दिवस घरभर करडा चिखल होता. तोही मीच धुतला, न्हाणीतून बादल्या भरभरून आणून.

न्हाणीत मी गोणपाट अंथरलं. ते रोज धुवायचं, कुंपणावर वाळत घालायचं, झिजलं की धान्याचं दुसरं पोतं उसवायचं. पावसाळ्यात ते वाळत नसे, घरात कुबट वास येई. तुमचे आजोबा नाकाला रुमाल लावून म्हणायचे, "ही घाण फेकून दे की." मी फेकलं नाही. ते घर सोडेपर्यंत गोणपाट तिथेच होतं. त्यामुळे न्हाणीत कोणी कधी घसरलं नाही, आणि कोणी घसरलं नाही म्हणून काही चुकलं आहे असंही घरात कोणाला कधी वाटलं नाही. आजोबा तर शेवटपर्यंत म्हणत, फरशी हिनेच निवडलेली.

तेव्हा तुम्ही तिन्ही नमुने घरी मागवा. ओले करा, साबण लावा. ती न्हाणी जो रोज घासणार आहे त्याला अनवाणी उभं करा आणि तो म्हणेल ती घ्या. आणि फरशी बसवायला माणसं येतील त्या दिवशी घराबाहेर जाऊ नका.