कर्णिक सरांची दातेरी कात्री

कर्णिक सर वर्गात आले की हजेरी घेण्याआधी कोटाच्या खिशातून एक कात्री काढून टेबलावर ठेवत. साधी कात्री नव्हे. तिच्या पात्यांना करवतीसारखे दात होते आणि तिने कापलं की कापडाची कड दातेरी यायची. कात्री ठेवून झाली की सर आधी तिच्याकडे बघत, मग आमच्याकडे, आणि म्हणत, "ही मिलमधली आहे." हे ऐकल्याशिवाय आमचा दिवस सुरू होत नसे. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तो नियम पाळायचा तर सरांबद्दल मला बोलण्यासारखं काहीच उरत नाही, म्हणून मी तो आधीच मोडून टाकते.

स्वातंत्र्यानंतरच्या उत्साहात अलिबागेत जी काय काय मंडळं आणि संस्था निघाल्या, त्यांतली आमची कलाशाळा एक. एका कौलारू घराच्या माडीवर भरायची. तिथे शिक्षकाची पदवी कुणी विचारत नसे; पदवी कुणाला होतीच कुठे? आधी कुठे होता, एवढंच विचारत. म्हात्रे सर पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायचे. शेख सरांनी गिरगावात सिनेमाचे बोर्ड रंगवले होते. दोघेही हे सरळ सांगत आणि जेवढं येत होतं तेवढं शिकवत. कर्णिक सर मात्र मुंबईच्या मिलमध्ये डिझायनर होते. निदान ते तसं सांगत. त्या दोघांबरोबर ते चहासुद्धा घेत नसत. "ते कारागीर," आम्हा मुलींना ते आवाज खाली आणून समजावत, "मी प्रोफेशनमधून आलोय."

हे प्रोफेशन आमच्या वाट्याला यायचं ते असं. तळहाताएवढा चौकोन आखायचा, त्यात फुलं, वेली, कुयऱ्या काढायच्या आणि मग चौकोनाच्या चारही कडांना पट्टीने दात काढायचे. एकसारखे, टोकदार. फुलाकडे सर फारसं बघत नसत, पण एखादा दात बुटका निघाला की कागद परत. "दात नसलेलं डिझाइन म्हणजे म्हातारीचं बोळकं," हे त्यांचं आवडतं वाक्य. एकदा म्हात्रे सरांनी दारातून जाता जाता विचारलं, की हे दात कशासाठी? कर्णिक सर हसले. म्हणाले, "म्हात्रे, मिलच्या गोष्टी मिलमध्ये गेल्याशिवाय कळायच्या नाहीत." आम्हीही हसलो. त्या वर्गात मी सगळ्यांत सुबक दात काढायचे आणि मला त्याचा अभिमान होता.

अभिमानाला कारण होतं. आमची नागावला नारळ-सुपारीची वाडी. बाबांना मुलीने शिकणं फारसं पसंत नव्हतं, पण सरांच्या मिलची कीर्ती आमच्या वाडीपर्यंत पोचली होती. उरणहून मला मागणी आली होती. मी रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा बाबा म्हणाले, "वरीसभर शीक. मिलवाल्यांनी घेतली, तर मामाकडं ऱ्हा मुंबैला, मी आडवा येनार न्हाय. न्हाय घेतली, तर उरनच्या पावन्यांना व्हय म्हनायचं." माझं सगळं त्या एका वर्षावर होतं. सरांना मी हे सांगितलं होतं. ते म्हणाले, "माझं नाव सांग. नुसतं नाव पुरे."

वर्ष संपल्यावर रेवसहून लाँचने आम्ही मुंबईला गेलो. बाबांनी ठेवणीतला कोट घातला होता. मिलच्या डिझाइन खात्यात लांबलचक टेबलं होती आणि खात्याचे मुख्य होते एक वयस्कर गुजराती गृहस्थ, मेहताभाई. त्यांनी माझी चित्रं एकामागून एक पाहिली. फुलं चांगली आहेत म्हणाले. मग दातांवर बोट ठेवून विचारलं, "बेन, हे काय?"

मी म्हटलं, डिझाइनची कड.

"आनि हेच्या बाजूला काय येल? साडी पाच वार लांब असते. तू हातभरपन नाय काढला."

मी सरांचं नाव सांगितलं. नुसतं नाव पुरे, असं मला सांगितलेलंच होतं. मेहताभाईंनी शेजारच्या टेबलावर विचारलं, त्या टेबलाने पलीकडच्या, आणि शेवटी एकाला आठवलं, "अरे, तो सॅम्पलवाला!"

कापड तयार झालं की त्याचे छोटे तुकडे कापून, पुठ्ठ्यावर चिकटवून व्यापाऱ्यांना दाखवायला पाठवतात. आमचे सर ते तुकडे कापत. धागे सुटू नयेत म्हणून ते दातेरी कात्रीने कापायचे असतात, हे कुठलाही शिंपी सांगेल. सरांनी नोकरीभर डिझाइन पाहिलं ते तुकड्यातच. तुकड्याला दात असतात, म्हणून डिझाइनला दात असतात, एवढाच त्यांचा हिशेब. सॅम्पल कापणं हलकं काम आहे असं मी म्हणत नाही. सरांनी ते काम सांगितलं असतं आणि तेच शिकवलं असतं, तर मी आज त्यांच्या फोटोला हार घातला असता. पण थाप मारणाऱ्याला निदान खरं काय ते ठाऊक असतं. सरांना तेही ठाऊक नव्हतं.

मेहताभाईंनी बाबांसाठी चहा मागवला. तो येऊन संपेपर्यंत त्यांनी माझं एक चित्र घेतलं, चारी बाजूंचे दात कापून टाकले आणि कागद मधोमध उभा कापला. डावा तुकडा उजवीकडे ठेवला, उजवा डावीकडे. बाहेरच्या कडा आता मधे आल्या आणि त्यांच्यामध्ये वेल तुटलेली दिसू लागली. "ही तूट भरून काढ," ते म्हणाले, "मग कापड कितीबी लांब छाप, बाजूची बाजूला मिळेल." आडवंही तसंच करायचं. हे शिकून पुन्हा ये, म्हणाले. मी बाबांकडे पाहिलं. बाबा रिकाम्या कपाकडे बघत होते.

परतीच्या लाँचवर मी आणखी सहा महिने मागितले. बाबा म्हणाले, "त्या मान्सानं चा पिईस्तवर शिकवलं. मंग तुजं वरीस गेलं कुठं?" मी चित्रं पिशवीत घातली. "पावन्यांना सबूद दिलाय मी," ते म्हणाले, आणि तोंड फिरवून बसले. बाबा वाईट नव्हते. ते शब्दाचे पक्के होते आणि माझ्या नशिबी आलेले सर मात्र शब्दांचे व्यापारी.

लग्नाआधी मी एकदा शाळेत गेले. भरल्या वर्गात सरांच्या टेबलावर माझं चित्र ठेवलं, मधोमध कापलं, तुकडे अदलाबदल करून दाखवले. मेहताभाईंचं नाव सांगितलं, सॅम्पलखात्याचंही सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांचा चेहरा पडेल. पडला नाही. त्यांनी कात्री उचलून खिशात ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "पोरी, जोडायचं काम खालच्या माणसांचं. डिझायनर जोडत बसत नसतो." मग फळ्याकडे वळून त्यांनी दात काढायला घेतले. पुढे गावात त्यांनी सांगितलं, की नागावच्या मुलीला मिलने घेतलं नाही, कारण तिचे दात एकसारखे नव्हते. पुढच्या वर्षी त्यांनी आणखी एका मुलीला तशीच दातेरी चित्रं देऊन त्याच मिलमध्ये पाठवलं. या गोष्टीसाठी मला त्यांचा जेवढा तिटकारा आहे तेवढा माझ्या वर्षासाठीही नाही. माझ्या वेळी त्यांना माहीत नव्हतं. तिच्या वेळी होतं.

उरणला माझा संसार झाला. नवरा पोस्टात, स्वभावाने बरा. स्वयंपाक उरकला की मी रद्दी कागदावर वेली काढायचे, मधोमध कापायचे, जोडायचे. चित्रकलेच्या परीक्षा बाहेरून दिल्या. नवऱ्याची बदली अलिबागेस झाली तेव्हा सर नुकतेच वारले होते. शाळेने त्यांच्या जागी शिकवायला मला बोलावलं. शोकसभेत अध्यक्षांनी सांगितलं, की मुंबईचं मोठं प्रोफेशन सोडून सर आपल्या मातीत आले. लोकांनी माना डोलावल्या. म्हात्रे सर माझ्या शेजारी बसले होते. एकट्या त्यांनी मान हलवली नाही.

सरांची कात्री आता शाळेच्या काचेच्या कपाटात होती. पहिल्या दिवशी मी वर्गात गेले, तर टेबलावर काहीच नव्हतं आणि मुलींचं लक्ष त्या रिकाम्या जागेकडे होतं. शेवटी एकीने धीर करून विचारलं, "बाई, तुम्ही आधी कुठे होता?"

"उरणला," मी म्हटलं. "चुलीपुढे. आता तुमच्या चित्रांचे दात कापून टाका आणि कागद मधोमध कापा."